महासाथीत विडी कमी झाली की वाढली?

साथीच्या भीतीने लोक धूम्रपान सोडतील, की घरात कोंडून पडल्याने उलट जास्त ओढतील, असा प्रश्न २०२० मध्ये जगभर विचारला जात होता, आणि दोन्ही अंदाज खरे ठरले. अनेक देशांतील पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार आधीपासून धूम्रपान करणाऱ्यांपैकी सुमारे २१ टक्क्यांनी प्रमाण घटवले, २७ टक्क्यांनी वाढवले, निम्म्या लोकांत काहीच फरक पडला नाही, तर सोडणारे जेमतेम ४ टक्के निघाले. (निरनिराळ्या पाहण्यांतून काढलेले हे आकडे असल्याने त्यांची बेरीज शंभर होत नाही.) केवळ सरासरी पाहिली असती, तर फारसे काही घडलेच नाही असे वाटले असते.

धुरावाटे घेतलेले निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि रक्तातील त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, म्हणून तलफ दिवसभर येत राहते. पण ती नेमकी केव्हा उसळते, हे ठिकाण, वेळ आणि सोबत यांवरही ठरते. सोलापुरात यंत्रमागाची पाळी सुटली की टपरीवर चहाबरोबर विडी पेटते, कधी एकच विडी दोघांत फिरते. टाळेबंदीत माग थांबले आणि टपऱ्याही बंद झाल्या. ज्याची विडी सोबत्याशी बांधलेली होती किंवा ज्याला घरात वडीलधाऱ्यांसमोर पेटवण्याचा संकोच होता, त्याची ती कमी होणे स्वाभाविक होते. रोजगार बुडाल्याच्या काळजीने जो ओढत होता, त्याची वाढणेही तितकेच स्वाभाविक होते.

विडीचे गणित सिगारेटहून थोडे वेगळे आहे. तिच्यात तंबाखू जेमतेम चिमूटभर असते, पण तेंदूच्या पानातून हवा फारशी आत शिरत नाही आणि सारखे झुरके घेतले नाहीत तर ती विझते. त्यामुळे ओढणारा जोराने आणि वरचेवर ओढतो, आणि निकोटिन सिगारेटपेक्षा कमी मिळत नाही. ‘दिवसाला दोनच विड्या कमी केल्या’ हे सांगणे म्हणूनच फसवे असू शकते, कारण उरलेल्या विड्या अधिक खोलवर ओढल्या जातात.

पुरवठ्याचाही प्रश्न होताच. १५ एप्रिल २०२० च्या केंद्रीय आदेशाने तंबाखूविक्रीवर बंदी आली आणि ४ मेपासून अटींसह ती शिथिल झाली. मधल्या काळात माल चढ्या भावाने, आडून मिळत राहिला. दक्षिण आफ्रिकेत तर विक्रीबंदी मार्चअखेरपासून १७ ऑगस्टपर्यंत चालली, तरी बहुतेकांनी काळ्या बाजारातून सिगारेट मिळवलीच. सोडण्यासाठी मदत न देता नुसते दुकान बंद केले, तर त्यातून फार काही साधत नाही, असे माझे मत आहे. सोलापुरात या बंदीची झळ ओढणाऱ्यांपेक्षा, घरी बसून विड्या वळणाऱ्या हजारो बायकांना अधिक बसली, कारण कारखाने बंद आणि हजार विड्यांमागे मिळणारी मजुरीही बंद.

महाराष्ट्रात या सवयी मोजताना आणखी एक पंचाईत होते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. घरात धूर नको म्हणून विडी ठेवून मळलेली तंबाखू किंवा मावा तोंडात धरणारा माणूस, फक्त धूम्रपानाविषयी विचारणाऱ्या पाहणीत ‘सोडलेला’ म्हणून मोजला जातो.