कॅनडातील गुंतवणूकदाराची ईटीएफ-निवड

कॅनडातील ईटीएफ-निवड : एक्स्चेंज-ट्रेडेड फंड किंवा ईटीएफ म्हणजे आतून म्युच्युअल फंडासारखे अनेक शेअर किंवा रोखे बाळगणारे, पण शेअर बाजारात दिवसभर शेअरसारखे घेतले-विकले जाणारे फंड. टोरांटोच्या बाजारात असे हजाराहून अधिक फंड आहेत. त्यांतले कोणते, किती आणि कुठे ठेवायचे हे ठरवणे कॅनडातल्या सामान्य पगारदाराच्याही वाट्याला येते. यातला ‘कुठे’ हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. एकच फंड एका खात्यात पूर्ण लाभांश पदरात टाकतो आणि शेजारच्या खात्यात त्यातला काही हिस्सा अमेरिकेच्या तिजोरीत जमा होतो. नवखा माणूस फंडांची तुलना करत रात्री जागवतो आणि खात्याचा विचार शेवटी करतो. क्रम खरे तर उलटा हवा.

उगम : ईटीएफ ही अमेरिकी कल्पना असल्याचा समज सर्वत्र आहे, पण जगातला पहिला यशस्वी ईटीएफ टोरांटोत जन्मला. ९ मार्च १९९० रोजी टोरांटो शेअर बाजाराने तिथल्या ३५ बड्या कंपन्यांच्या निर्देशांकावर आधारलेले ‘टिप्स’ नावाचे युनिट विक्रीस आणले. अमेरिकेचा सुप्रसिद्ध ‘स्पायडर’ १९९३ साली आला, तर भारताचा पहिला ईटीएफ, निफ्टी बीज, २००१ च्या अखेरीस. टिप्सचा वारसा आज आयशेअर्स या फंड कंपनीच्या एक्सआययू या फंडाकडे आहे. तो कॅनडातील ६० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक पाळतो.

खर्च : कॅनडातील बँकांचे पारंपरिक इक्विटी म्युच्युअल फंड वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास खर्च आकारत आले आहेत. हा आकडा पासबुकात कुठेच वजा झालेला दिसत नाही, कारण तो फंडाच्या भावातून रोज थोडा थोडा कापला जातो. निर्देशांकावर चालणारे साधे ईटीएफ ०.०५ ते ०.२५ टक्क्यांत मिळतात. फरक बारीक वाटतो, म्हणून एकदा हिशेब मांडलेला बरा. १ लाख डॉलर २५ वर्षे ठेवले आणि खर्चापूर्वी दरसाल ६ टक्के मिळाले असे धरले, तर २ टक्के खर्चाच्या फंडात अखेरीस सुमारे २ लाख ६७ हजार डॉलर होतात आणि ०.२ टक्क्यांच्या फंडात सुमारे ४ लाख ९ हजार. मधले १ लाख ४२ हजार म्हणजे मूळ रकमेहून मोठी दक्षिणा.

खाते आधी, फंड नंतर : कॅनडात करसवलतीची मुख्य खाती चार. १९५७ पासून चालत आलेले आरआरएसपी हे निवृत्तीचे खाते आहे. त्यात भरलेली रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते, कर काढताना लागतो, आणि भरण्याची मर्यादा आदल्या वर्षीच्या कमाईच्या १८ टक्के, तीही ठरावीक कमाल रकमेपर्यंत. टीएफएसए २००९ साली आले. त्यात कर भरून झालेला पैसा ठेवायचा, पण पुढची वाढ आणि काढणे दोन्ही करमुक्त. २०२४ आणि २०२५ या वर्षांची मर्यादा प्रत्येकी ७,००० डॉलर होती. मुलांच्या शिक्षणासाठीच्या आरईएसपीत वर्षाला २,५०० डॉलर भरले, की सरकार २० टक्के, म्हणजे ५०० डॉलर, आपल्याकडून घालते. एका मुलामागे ही मदत एकूण ७,२०० डॉलरपर्यंत मिळते. पहिल्या घरासाठीचे एफएचएसए २०२३ पासूनचे. त्यात वर्षाला ८,००० आणि एकूण ४०,००० डॉलर भरता येतात. या चारांत न मावलेला पैसा साध्या, करपात्र खात्यात जातो.

आता अमेरिकेचा कर. अमेरिकी कंपन्या परदेशी भागधारकाला लाभांश देताना मुळातच कर कापतात. एरवी तो ३० टक्के, पण कॅनडाशी असलेल्या करारामुळे १५ टक्के. निवृत्ती खात्यांना या करारात सूट आहे, परंतु ती अमेरिकी बाजारात नोंदलेला फंड आरआरएसपीत थेट ठेवला तरच मिळते. तोच अमेरिकी निर्देशांक पाळणारा टोरांटोचा फंड आरआरएसपीत ठेवला तर सूट जाते, कारण अमेरिकेच्या दृष्टीने लाभांश घेणारा तो कॅनेडियन फंड असतो, तुमचे निवृत्ती खाते नव्हे. टीएफएसएला तर अमेरिका निवृत्ती खाते मानतच नाही. तिथे फंड कुठलाही असो, १५ टक्के गेले ते गेले. साध्या खात्यात मात्र कापलेला कर कॅनडाच्या विवरणपत्रात परदेशी कराचे क्रेडिट म्हणून वळता करून घेता येतो.

व्हॅनगार्ड या फंड कंपनीचा व्हीएफव्ही हा टोरांटोत मिळणारा फंड एस अँड पी ५०० हा अमेरिकेच्या बड्या कंपन्यांचा निर्देशांक पाळतो. त्याचा खर्च सुमारे ०.०९ टक्के, म्हणजे १ लाख डॉलरवर वर्षाला ९० डॉलर. लाभांश १.३ टक्के धरला तर १,३०० डॉलर येतात आणि त्यांतले १९५ अमेरिकेत कापले जातात. जाहिरातीत झळकणाऱ्या खर्चाच्या दुप्पट रक्कम अशी कुठेही न झळकता जाते. युरोप-जपानच्या शेअरांचे आणखी एक दुखणे आहे. कॅनेडियन फंडाने ते शेअर अमेरिकी फंडाच्या पोटातून घेतले असतील, तर कर दोनदा कापला जातो, एकदा मूळ देशात आणि एकदा अमेरिकेत. आयशेअर्सचा एक्सईएफ शेअर थेट बाळगतो, म्हणून तिथे एकच कात्री चालते. फंडाच्या पहिल्या पानावर हे लिहिलेले नसते; आत काय काय आहे त्याची यादी उघडून पाहावी लागते.

यावर उपाय म्हणून काहीजण आरआरएसपीत थेट अमेरिकी फंड घेतात. त्यासाठी अमेरिकी डॉलर हवेत, आणि ब्रोकरकडून ते घेताना दीड टक्क्याच्या आसपास रक्कम विनिमयात झिजते. ही झीज टाळायची युक्ती ‘नॉर्बर्ट्स गॅम्बिट’ या नावाने ओळखली जाते. नाव ब्रिटिश कोलंबियातील सल्लागार नॉर्बर्ट श्लेंकर यांच्यावरून पडले. अमेरिकी डॉलर बाळगणारा डीएलआर नावाचा ईटीएफ कॅनेडियन डॉलर मोजून घ्यायचा, ब्रोकरला सांगून ते युनिट खात्याच्या अमेरिकी बाजूला वळवायचे आणि तिथे अमेरिकी डॉलरमध्ये विकायचे. मधल्या काही दिवसांत पैसे अडकून राहतात. मोठ्या रकमेला हे परवडते. महिन्याला ३०० डॉलर घालणाऱ्याने या भानगडीत पडू नये.

मायदेशाचा वाटा : जगाच्या शेअर बाजारात कॅनडाचा हिस्सा जेमतेम ३ टक्के, तरी तिथल्या गुंतवणूकदाराच्या गाठोड्यात तो २५-३० टक्के असणे सर्वमान्य आहे. कारणे अगदीच गैर नाहीत. घरखर्च कॅनेडियन डॉलरमध्ये होतो, आणि साध्या खात्यात कॅनेडियन कंपन्यांच्या लाभांशावर कर कमी पडतो. विवरणपत्रात तो लाभांश ३८ टक्क्यांनी फुगवून दाखवायचा आणि मग त्यावर क्रेडिट घ्यायचे, असा तिथला अजब रिवाज आहे. पण हा बाजार एकांगी आहे. बँका-विमा, तेल-वायू आणि खाणी या तीन क्षेत्रांनीच त्याचा निम्म्याहून बराच मोठा भाग व्यापलेला असून, औषध-आरोग्य क्षेत्र नावापुरते उरते.

एकांगीपणा काय करतो ते नॉर्टेलने दाखवले. २००० च्या उन्हाळ्यात दूरसंचार उपकरणे बनवणाऱ्या या एका कंपनीने टोरांटोच्या ३०० कंपन्यांच्या निर्देशांकाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग व्यापला होता. भाव १२४ डॉलरच्या घरात गेला होता. २००२ मध्ये तो एक डॉलरच्याही खाली आला आणि २००९ च्या जानेवारीत कंपनीने दिवाळखोरीचे संरक्षण मागितले. ‘निर्देशांक घेतला म्हणजे जोखीम विखुरली’ असे समजून बसलेल्यांच्या पैशात प्रत्यक्षात दर तीन डॉलरमागे एकाहून अधिक डॉलर एकाच कंपनीत होता. आज एक्सआयसी हा फंड जो व्यापक निर्देशांक पाळतो, त्यात कोणत्याही कंपनीला १० टक्क्यांची मर्यादा आहे. एक्सआययूच्या ६० कंपन्यांच्या निर्देशांकाला तशी मर्यादा नाही. दोन्ही फंड ‘कॅनडाचा बाजार’ म्हणूनच विकले जातात.

एकाच फंडात सगळे : २०१८ च्या सुरुवातीला व्हॅनगार्डने व्हीबीएएल, व्हीजीआरओ यांसारखे फंड आणले आणि निवडीचा पुष्कळसा घोळ मिटवला. एका फंडात कॅनडा, अमेरिका, इतर विकसित देश, उदयोन्मुख देश आणि रोखे ठरावीक प्रमाणात, आणि प्रमाण ढळले तर फंड स्वतःच ते सावरतो. व्हीबीएएलमध्ये ६० टक्के शेअर, व्हीजीआरओत ८०. सगळेच्या सगळे शेअर हवे असणाऱ्यांसाठी २०१९ मध्ये व्हीईक्यूटी आणि त्याच वर्षी आयशेअर्सचा एक्सईक्यूटी आला. वेगवेगळे तुकडे स्वतः जोडले तर खर्च आणखी थोडा वाचतो, हे खरे. पण २०२० च्या मार्चसारख्या महिन्यात, सगळे कोसळत असताना, रोखे विकून शेअर घेण्याचे काम हाताने करायला जी छाती लागते ती फार थोड्यांकडे असते. फंड ते काम कुणाला न विचारता करून टाकतो. त्यामुळे बहुतेकांना हा एक फंड पुरतो, आणि वर सांगितलेली कराची कसरत मोठ्या रकमेच्या आरआरएसपीपुरती राखून ठेवावी.

चलन आणि रोखे : काही फंड विनिमय दराच्या चढउतारापासून बचाव देतात, त्यांना ‘हेज्ड’ म्हणतात. नाव सुरक्षित वाटते, पण २००८ चा अनुभव उलटा आहे. त्या वर्षी एस अँड पी ५०० अमेरिकी डॉलरमध्ये ३७ टक्के घसरला. कॅनेडियन डॉलरही तेव्हा पडला, म्हणजे त्याच्या तुलनेत अमेरिकी डॉलर महागला, म्हणून बचाव न घेतलेल्या कॅनेडियन माणसाची घट सुमारे २२ टक्क्यांवर थांबली. दीर्घ मुदतीच्या शेअरांसाठी हेजिंगचे पैसे मोजण्यात फारसे हशील नाही. रोख्यांच्या बाबतीत झेडएजी, व्हीएबी, एक्सबीबी हे फंड जवळजवळ सारखेच. रोखे म्हणजे मुदत ठेव नव्हे, हे मात्र २०२२ ने शिकवले. व्याजदर चढले आणि कॅनडाचा रोखे-निर्देशांक त्या एका वर्षात ११ टक्क्यांहून अधिक पडला. वर्षभरात लागणारा पैसा त्यात नकोच.

गिऱ्हाईक गळाला लावण्याचे बाकीचे प्रकार थोडक्यात सांगता येतात. कव्हर्ड कॉल फंड, म्हणजे हातातले शेअर ठरावीक भावाला घेण्याचा हक्क आगाऊ विकणारे फंड, महिन्याला घसघशीत रक्कम देतात, पण बाजाराची चढ त्या बदल्यात विकून टाकतात. गांजापासून रोबोटपर्यंतचे विषयवार फंड बहुधा लाट चढून झाल्यावर येतात. बिटकॉइन थेट बाळगणारा ईटीएफही अमेरिकेआधी, २०२१ च्या फेब्रुवारीत, टोरांटोतच आला.

खरेदी : सकाळी साडेनऊला बाजार उघडतो तेव्हा पहिली दहा-पंधरा मिनिटे घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावात अंतर रुंद असते. पडद्यावर ३१.४० आणि ३१.४२ दिसले तर ठीक, ३१.३० आणि ३१.५५ दिसले तर चहा पिऊन यावे. भाव ठरवून, म्हणजे लिमिट ऑर्डरने, घ्यावे. अनेक ब्रोकरांनी आता दलाली शून्यावर आणली आहे, पण या अंतराची किंमत प्रत्येक जण मोजतोच.

साध्या खात्यातल्या फंडाची खरेदी किंमत हा वेगळा जाच आहे. वर्षअखेरीस काही फंड नफा कागदोपत्री वाटतात आणि आतल्या आत पुन्हा गुंतवतात. हातात एक डॉलरही येत नाही, पण टी३ या फंडाच्या उत्पन्नाच्या कर-पावतीवर उत्पन्न येते आणि कर भरावा लागतो. ती रक्कम मूळ किमतीत मिळवून ठेवली नाही, तर विकताना त्याच नफ्यावर दुसऱ्यांदा कर पडतो. तोटा दाखवण्यासाठी फंड विकून ३० दिवसांच्या आत तोच पुन्हा घेतला, तर तोटा धरत नाहीत. पती-पत्नीपैकी दुसऱ्याने घेतला तरीही.

नव्याने आलेल्यांसाठी : टोरांटोजवळच्या मिसिसागा-ब्रॅम्प्टनला उतरलेल्या मराठी कुटुंबाला काही गोष्टी पहिल्या वर्षीच ठाऊक असाव्यात. टीएफएसएची मर्यादा २००९ पासून मोजत नाहीत. ती तुम्ही कॅनडाचे रहिवासी झालात त्या वर्षापासून सुरू होते. पुण्या-मुंबईतल्या ठेवी, शेअर, म्युच्युअल फंड आणि भाड्याने दिलेला फ्लॅट यांची रहिवासी झालात त्या दिवशीच्या बाजारभावाने धरलेली एकूण किंमत १ लाख कॅनेडियन डॉलरच्या वर असेल, तर टी११३५ हा परदेशी मालमत्तेचा फॉर्म दरवर्षी भरावा लागतो. रहिवासी झाल्याच्या पहिल्या वर्षापुरती त्यातून सुटका आहे. साध्या खात्यातले अमेरिकी ईटीएफही याच बेरजेत धरतात, टोरांटोत नोंदलेले धरत नाहीत. भारतातल्या अनेक फंड कंपन्या कॅनडात राहणाऱ्यांचे नवे पैसे घेत नाहीत, त्यामुळे जुनी एसआयपी अडते. भारताचा बाजार हवाच असेल तर टोरांटोत एक्सआयडी आणि झेडआयडी मिळतात, मात्र त्यांचा खर्च साध्या निर्देशांक फंडांच्या कितीतरी पट आहे.

परतणाऱ्यांची गोष्ट वेगळी. अनिवासी झाल्यावर टीएफएसएत पैसे भरले तर कॅनडा त्यावर महिन्याला १ टक्का कर लावतो. न भरता खाते तसेच ठेवले तर कॅनडाच्या लेखी ते करमुक्तच राहते. परंतु पुण्यात पुन्हा पूर्ण रहिवासी झालेल्या माणसाचे तेच खाते भारताच्या आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावे लागते, आणि त्यातल्या ईटीएफचा लाभांश इथे करपात्र ठरतो.