खुनी कोण ते पुस्तकात लिहू नका (रहस्यकथा नेणाऱ्या सभासदांसाठी)

वाचनालयाच्या काउंटरवर तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून हा कागद छापलाय. रहस्यकथांच्या कपाटातलं पुस्तक नेलं की हा सोबत मिळेल. नियमांची पाटी भिंतीवर आहेच, ती कोणी वाचत नाही हेही माहितीये.

तर, पुस्तकात पेन्सिल चालवू नका. बाकी कादंबऱ्यांत कोणी एखादी ओळ अधोरेखित केली तर आम्ही सोडून देतो, पण अगाथा ख्रिस्तीच्या पुस्तकात मध्येच कुठेतरी समासात "हाच तो!!" असं लिहिलेलं सापडलं की पुढच्या माणसाचं पुस्तक तिथंच संपलं. काही जुन्या पेपरबॅकमध्ये सुरुवातीलाच पात्रांची यादी असते, त्यात लोक एकेक नाव खोडत जातात आणि शेवटी जे उरेल त्याला गोल करतात. करणाऱ्याला मजा येत असेल, पण पुढच्याच्या हातात कथा सुरू व्हायच्या आधीच उत्तर. "अहो माझा अंदाज चुकला होता ना" असंही वर सांगतात, पण ते पुढच्याला कसं कळणार, आणि चुकीचं नाव असलं तरी ते डोक्यातून जात नाही.

म्हणूनच परत आलेलं रहस्यकथेचं प्रत्येक पुस्तक आम्ही चाळून मगच जमा करून घेतो. शनिवारी संध्याकाळी त्यामुळे रांग लागते, दुसरीकडे असं बघत नाहीत म्हणून बोलणीही खातो. नसतील बघत. पेन्सिल असली तर खोडरबर घेऊन बसावं लागतं, जुना कागद इतका ठिसूळ झालेला असतो की जरा जोरात घासलं की छापलेली अक्षरंही जातात, आणि बॉलपेन असलं तर इलाजच नाही, वरून पांढरी पट्टी चिकटवायची आणि पट्टी दिसली की वाचणारा ती उजेडात धरून बघणारच. म्हणून बॉलपेन चालवलेल्या पुस्तकाचे पैसे डिपॉझिटमधून कापतो, त्यावर वाद घालू नका प्लीज. नावं टिपायची असतील तर टिपा, कोण कोणाचा भाचा आणि कोणाची सेक्रेटरी हे लक्षात राहत नाहीच, त्यासाठी काउंटरवर पाठकोऱ्या कागदाच्या पट्ट्या ठेवल्यात, फुकट आहेत. फक्त परत करताना आपली पट्टी काढून घ्या.

"शेवट तेवढा सांगा ना, पुस्तक नेत नाही मी" असं विचारणाऱ्यांना आम्ही सांगत नाही, राग मानू नका. लंडनला 'द माउसट्रॅप' हे ख्रिस्तीबाईंचंच नाटक १९५२ पासून चालू आहे, कोविडमधला खंड सोडला तर, आणि प्रयोग संपला की शेवट बाहेर फोडू नका असं प्रेक्षकांना अजूनही सांगतात. आमचा तर एवढासा काउंटर, मागे चार लोक कान देऊन उभे असतात.

सिनेमा पाहिलाय म्हणून पुस्तक सोडणारेही खूप. 'अँड देन देअर वेअर नन' ही १९३९ ची कादंबरी, तिचं १९४३ मध्ये नाटक करताना बाईंनी स्वतःच शेवट बदलला, आणि १९४५ चा सिनेमा त्या बदललेल्या शेवटावर गेला. आपला 'गुमनाम' त्याच कल्पनेवरचा, पण तोही फार सैल हाताने घेतलेला. त्यामुळे बिनधास्त न्या.

क्रमाने वाचायची का, हा रोजचा प्रश्न. ख्रिस्तीबाईंच्या बहुतेक पुस्तकांना क्रम लागत नाही, 'कर्टन' मात्र त्यांच्या पॉयरो या गुप्तहेराचं शेवटचं, ते शेवटीच न्या. पण खरा घोळ 'डम्ब विटनेस'मध्ये आहे. त्यात पॉयरोसाहेब बोलता बोलता आधीच्या चार केसेसमधल्या खुन्यांची नावं सरळ घेऊन मोकळे होतात! म्हणजे 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स', 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड', 'द मिस्टरी ऑफ द ब्लू ट्रेन' आणि 'डेथ इन द क्लाउड्स' ही चार वाचल्याशिवाय ते हातात घेऊ नका. (इथे पेन्सिलवाल्यांना काय बोलणार, लेखिकेनेच केलंय.) 'कार्ड्स ऑन द टेबल'च्या आधी 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' वाचलेलं बरं, कारण तेच. शिवाय 'डेथ इन द क्लाउड्स'ची अमेरिकन आवृत्ती 'डेथ इन द एअर' नावाने आहे, दोन्ही आमच्याकडे आहेत, नवीन समजून नेलं आणि अर्ध्यात लक्षात आलं म्हणून वर्गणीची मुदत वाढवून मिळणार नाही, पुठ्ठ्यावर चिठ्ठी लावलीये ती बघा. क्लासिक पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांतल्या मोठमोठ्या प्रस्तावनाही शेवटी वाचा, विद्वान लोक तिथे सगळं सांगून टाकतात.

मराठी कपाटाबद्दल एवढंच की अर्नाळकर, गुरुनाथ नाईक यांची जुनी पातळ पुस्तकं परत मिळणं अवघड असतं, नेतानाच शेवटचं पान जागेवर आहे ना ते आमच्यासमोर बघून घ्या, घरी जाऊन फोन करू नका.

वर सांगितलेली चार आणि त्यानंतर 'डम्ब विटनेस' असा पाचांचा गठ्ठा क्रमाने बांधून ठेवलाय, पाचही पुस्तकं नीट तपासलेली, एकही खूण नाही. वार्षिक सभासदांना तो एकदम नेता येतो. मासिकवाल्यांना एकेकच मिळेल, पण पुढचं राखून ठेवतो, वहीत नाव लिहून जा. त्या वहीत मात्र पेन चालेल.