पंख्याभोवती नळी: जोर वाढतो, पण किती?

विमानाच्या पंख्याभोवती नळी बसवली की विमान पुढे ढकलणारा जोर दुप्पट होतो, असं सांगणारी एक रील सध्या बेळगावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतेय. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चहाच्या टपरीवर लगेच विषय निघतो: फौंड्री आपली, सीएनसी (संगणकावर चालणारी कटाईची यंत्रं) आपली, जवळच्या हत्तरगीत एअरबससाठी सुटे भाग बनतात, मग माझ्दाचं जुनं वांकेल इंजिन आणून घरचं विमान का नको?

कल्पना वेडगळ मुळीच नाही. माझ्दाच्या १३बी इंजिनात वरखाली होणारा पिस्टन नसतो, दोन तिकोनी रोटर फिरतात. रोटरच्या एका फेऱ्यात शाफ्टचे तीन फेरे. थरथर कमी, पण खरी ताकद मिळते ती मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या आसपास. त्या वेगाने १.८ मीटरचा प्रोपेलर फिरवला तर पात्यांची टोकं सेकंदाला ५६५ मीटरने धावतील. आवाजाचा वेग ३४०; टोकं त्याच्या पुढे गेली की गोंगाट वाढतो आणि ताकद वाया जाते. म्हणजे गिअरबॉक्स लावून फेरे उतरवा, नाहीतर पंखाच लहान करा. ८० सेंटिमीटरचा पंखा थेट शाफ्टवर बसतो, टोकांचा वेग २५०च्या आसपास राहतो. जर्मनीच्या राइन फ्लुगझॉइगबाउ कंपनीने वांकेल आणि नळीतला पंखा अशी जोडी फॅनलायनर विमानात बसवून १९७३ मध्ये उडवलीही होती.

आता नळीची गंमत. विमान जागेवर उभं असताना उघड्या पंख्यामागचा झोत आवळत जातो, थेट पंख्याच्या निम्म्या क्षेत्रफळापर्यंत. थोडी हवा, जास्त वेग. पण जोर वेगाच्या पटीत वाढतो आणि खर्च होणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत, म्हणून हा सौदा महागात पडतो. नळी झोताला आवळू देत नाही. जास्त हवा, कमी वेग, आणि तेवढ्याच ताकदीत सुमारे २६ टक्के जादा जोर. हा जादा जोर पात्यांवर शोधून सापडणार नाही. नळीच्या पुढच्या गोल ओठावरून हवा वेगाने वळून आत शिरते, तिथे दाब उतरतो आणि ओठ पुढे ओढला जातो. उभ्या विमानात निम्मा जोर नळीच देते! त्यासाठी ओठ सनईच्या तोंडासारखा बाहेर वळलेला हवा. नुसता कापलेला पाइप बसवलात तर हवा काठावरच सुटते आणि कमाई गेली.

पण २६ टक्के कधी? पंख्याचा व्यास तोच ठेवला तर. आपण तो १.८ वरून ०.८ मीटरवर आणला, क्षेत्रफळ पाचवा हिस्सा उरलं. बेळगावच्या ७५० मीटर उंचीवरची, समुद्रसपाटीपेक्षा ७ टक्के विरळ हवा आणि १०० किलोवॉट ताकद धरून आदर्श हिशेब केला, तर मोठा उघडा प्रोपेलर ३९५ किलोचा जोर देतो, नळीतला छोटा पंखा २९०. दुप्पट राहू द्या, पाऊण हिस्साही धड नाही. वेग घेतल्यावर नळीच्या अंगाला घासणारी हवा विमान मागे खेचते, ते वेगळंच. नळी लावायची ती कमी आवाज, सुरक्षितता आणि चाकांच्या आखूड पायांसाठी.

असे आकडे मांडले की कुणीतरी पाऱ्यावर उडणाऱ्या प्राचीन विमानांचा दाखला देतो. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातल्या अशा वर्णनांची तपासणी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच केली. ती यंत्रं उडणारी नव्हेत, हा त्यांचा निष्कर्ष.

खरी कसोटी आहे फटीची. पात्याचं टोक आणि नळी यांत दोन-तीन मिलिमीटरच अंतर हवं, नाहीतर टोकावरून हवा गळते. पण रबरी माउंटवरचं इंजिन तेवढं सहज हलतं. मग पातं नळीला घासणारच. म्हणून पंख्याला नळीत पक्कं बसवलेलं स्वतःचं बेअरिंग द्यायचं आणि इंजिनाशी लवचिक कपलिंगने (दोन शाफ्ट जोडणाऱ्या सांध्याने) जोडायचं. ते कपलिंग इंजिनाच्या झटक्यांशी सूर जुळवून पिळवटू लागलं तर शाफ्ट तुटतो. ८० सेंटिमीटरची रिंग गोल बोअर करणं आपल्या टर्नरना जमेल. कपलिंगचा हिशेब जमला पाहिजे. तोवर इंजिन आणि पंखा ट्रॉलीवर बांधा, मागे लोड सेल (जोर मोजणारा सेन्सर) लावा आणि किलो मोजा. फक्त चालू पंख्याच्या पात्यांच्या रेषेत कुणी उभं राहू नये.