वाळूत गुलाब

नव्या बागेतल्या रेताड जमिनीवर पहिल्यांदा झारी उपडी केली तेव्हा पाणी मुरलंच नाही. त्याचे मोत्यासारखे थेंब झाले, अंगाला धूळ फासून ते उताराकडे घरंगळले आणि एका खळग्यात जाऊन बसले. खुरप्यानं उकरून पाहिलं, तर बोटभर खाली माती कोरडी ठणठणीत. वाळूतून पाणी चाळणीतून गेल्यासारखं जातं असं लहानपणापासून ऐकलेलं, आणि इथे वाळू पाण्याला अंगाला लावूनच घेईना.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. कुजणारी पानं, मुळं आणि बुरशीचे धागे यांतून मेणचट पदार्थ सुटतात आणि मातीच्या कणांवर त्यांचा लेप बसतो. चिकणमातीत हे मेण अफाट पृष्ठभागावर पसरून विरळ होतं. वाळूच्या कणांचा मिळून पृष्ठभाग इतका थोडा, की चिमूटभर मेणानंही तो झाकला जातो. माती पूर्ण वाळली की हा लेप पाणी झटकून टाकतो. रेताड जमिनीबद्दलच्या बहुतेक तक्रारी अशाच फिरून पृष्ठभागाच्या टंचाईपाशी येतात.

ही टंचाई किती, ते एका हिशेबानं कळतं. एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे अर्ध्या मिलिमीटरचे, म्हणजे मध्यम वाळूएवढे, तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग होतो १२० चौरस सेंटिमीटर. हाताचा पंजा झाकेल एवढा. तोच ठोकळा एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या), म्हणजे चिकणमातीच्या मापाच्या, तुकड्यांत कापला तर हिशेब ६ चौरस मीटरवर जातो: एका लहान खोलीची फरशी. चिकणमातीचे कण प्रत्यक्षात ठोकळ्यासारखे नसून पापुद्र्यांसारखे असतात, त्यामुळे काही प्रकारांत एका ग्रॅममागे ७००-८०० चौरस मीटरपर्यंत पृष्ठभाग भरतो. पाणी कणांना चिकटून राहतं ते या पृष्ठभागावर, आणि झाडाचं अन्नही तिथेच.

आपल्या जमिनीत वाळू किती, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. उभट काचेची बरणी घ्या, तिसरा हिस्सा माती, वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर. झाकण लावून पाच मिनिटं खळखळून हलवा आणि ठेवून द्या. बारीक कण पाण्यात किती वेगानं खाली बसतो, याचं गणित स्टोक्सनं १८५१ मध्ये मांडलं: वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. सगळ्यात बारीक वाळू ०.०५ मिलिमीटरची मानतात. तिला १० सेंटिमीटर खाली यायला पाऊण मिनिट लागतं. चिकणमातीची वरची मर्यादा ०.००२ मिलिमीटर, म्हणजे २५ पट लहान, म्हणून वेग ६२५ पट कमी. तेवढ्याच अंतराला जवळजवळ आठ तास. म्हणून एका मिनिटानं बरणीवर खूण केली की ती वाळूची पातळी. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा. मी पाहिलं तेव्हा पहिल्या खुणेवर नखाएवढा गाळाचा थर होता आणि वरचं पाणी जवळपास नितळ. चिकणमाती म्हणावी असं काही नव्हतंच.

पाण्याची गोष्ट सगळ्यांना कळते, अन्नाची चटकन लक्षात येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमधल्या थॉम्पसन नावाच्या जमीनमालकानं मातीतून अमोनियम सल्फेटचं पाणी गाळून पाहिलं, तेव्हा खाली वेगळंच काही आलं. रसायनशास्त्रज्ञ जॉन थॉमस वे यानं १८५० मध्ये त्याचा उलगडा केला: मातीनं अमोनियम ठेवून घेतला होता आणि बदल्यात तेवढाच कॅल्शियम सोडला होता. ही देवघेव करते चिकणमाती, कारण तिच्या कणांवर ऋणभार असतो. अमोनियम, पालाश (पोटॅशियम), कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे आयन धनभारित, म्हणून ते तिथे अडकून राहतात आणि मुळं आपल्याकडचे हायड्रोजन आयन देऊन ते उचलतात. वाळूच्या दाण्यावर अशा जागा नगण्य. त्यामुळे रेताड जमिनीत घातलेलं खत बरंचसं पुढच्या पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातं. नायट्रेट तर स्वतःच ऋणभारित. त्याला चिकणमातीही धरून ठेवत नाही.

मग वाळूत चिकणमातीच का मिसळू नये? मिसळता येते. पश्चिम ऑस्ट्रेलियात पाणी झटकणाऱ्या वालुकामय शेतांवर हेक्टरी शंभर-शंभर टन आणि त्याहूनही जास्त चिकण माती पसरतात आणि तिचा गुण कित्येक वर्षं टिकतो. चौरस मीटरला हे १० किलो झाले. पण तिथे ती यंत्रांनी पसरून खोलवर मिसळतात. घरच्या बागेत ओली चिकण माती टाकून फावड्यानं उलटपालट केली की तिचे गोळे होतात, आणि वाळूत मातीचे लाडू पुरल्यासारखं दिसतं. खडखडीत वाळवून, कुटून, पिठासारखी भुरभुरणार असाल तरच हा खटाटोप करावा.

राहतं कुजलेलं सेंद्रिय खत: कंपोस्ट, जुनं शेणखत, पानांचं खत. ह्युमसच्या, म्हणजे पूर्ण कुजून उरलेल्या काळ्या पदार्थाच्या, आम्लधर्मी गटांतून हायड्रोजन सुटला की मागे ऋणभार उरतो, आणि वजनास वजन धरलं तर अन्न धरून ठेवण्याची ह्युमसची ताकद बहुतेक चिकणमात्यांहून जास्त भरते. मात्र कंपोस्ट म्हणजे स्पंज, मिसळलं की पाण्याची काळजी मिटली, असं जे सर्रास सांगतात, ते जरा तपासून घ्यायला हवं. सिडनी विद्यापीठातल्या मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी या मृदाशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये जगभरातल्या ५०,००० हून अधिक मोजण्या एकत्र करून पाहिल्या. सेंद्रिय कर्ब (कार्बन) एक टक्क्यानं वाढला तर मातीच्या दर १० सेंटिमीटर जाडीमागे झाडाला मिळणारं पाणी सरासरी १.२ मिलिमीटरच्या आसपास वाढतं. वाळूत वाढ सरासरीपेक्षा जास्त, चिकणमातीत कमी.

हे आपल्या वाफ्याला लावू. रेताड जमिनीच्या ३० सेंटिमीटर थरात झाडाला उपयोगी पडेल असं पाणी साधारण २० मिलिमीटर मावतं, म्हणजे चौरस मीटरला २० लिटर. कर्ब एक टक्क्यानं वाढवायला तेवढ्या मातीत अंदाजे २० किलो वाळलेलं कंपोस्ट जिरवावं लागेल. त्यातून वाढणार चार-पाच लिटर. ऐन उन्हाळ्यात वाफा दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी सहज संपवतो. एवढी पोती वाहून आणल्यावर पाण्याच्या बाबतीत हातात काय पडलं? जेमतेम एका दिवसाची उसंत. तरीही मी पोती वाहतो, कारण खरी कमाई दुसरीकडे आहे. पालाश आणि मॅग्नेशियम धरून ठेवणाऱ्या जागा वाढतात, सुटे दाणे बुरशीच्या धाग्यांनी आणि जिवाणूंच्या चिकट स्रावांनी एकमेकांना धरू लागतात, आणि कुजताना नत्र हळूहळू सुटत राहतं.

खत कुजलेलंच हवं. लाकडाच्या भुशात नत्राच्या दोनशे-चारशे पट कर्ब असतो. तो कुजवणारे जिवाणू नत्रासाठी जमिनीवरच हात मारतात आणि झाडं पिवळी पडतात. ताजं शेण दुसऱ्या टोकाचं: त्यातला अमोनिया आणि क्षार मुळं भाजतात, आणि वाळूत तो मारा झेलायला मध्ये काहीच नसतं. भुसा असेल तर वरून आच्छादनाला वापरा, तिथे तो निरुपद्रवी.

नव्या बागेत आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी: बांधकामाचा राडारोडा. पृष्ठभागावर वाळू दिसते आणि हातभर खाली सिमेंटचे ढेपळे, चुन्याचे खडे निघतात. मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसलं तर चुना आहे. गुलाबाला सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान मानवतो, आणि चुना तो वाढवतो. तो ७.५ च्या वर गेला की मातीत लोह असूनही विरघळत नाही आणि कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, असं चित्र दिसू लागतं. शिंपल्यांच्या चुऱ्यानं भरलेल्या किनाऱ्याच्या वाळूचंही तेच. खडे वेचून काढणं हा कंटाळवाणा पण एकदाचा उपाय.

आता लागवड. माझी पहिली चूक इथेच झाली. दोन फूट खोल खड्डा काढायचा आणि तो खतानं भरायचा, या ऐकीव शहाणपणानुसार मी खड्ड्यात जवळजवळ निव्वळ कंपोस्ट भरलं आणि त्यात गुलाब लावला. पहिले चार महिने झाड जोमात होतं. वर्षाच्या आत खालचं कंपोस्ट कुजून बसलं आणि झाड वीतभर खाली गेलं. डोळा भरलेली गाठ, म्हणजे कलमाचा सांधा, मातीत गाडली गेली. उपटलं तेव्हा मुळं खड्ड्याच्या भिंतीपाशी वळून गोल फिरलेली. वाळूत एकही शिरलं नव्हतं. कारण साधं आहे: बारीक छिद्रांचा थर पाणी घट्ट धरतो आणि शेजारच्या मोठ्या छिद्रांच्या वाळूला ते सहजी देत नाही. ओल संपते तिथे मुळंही थांबतात. खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली कुंडीच झाली होती.

म्हणून खड्डा नको, सगळा वाफाच सुधारा. वाफ्यावर सहा-सात सेंटिमीटर कंपोस्ट पसरायचं, २५-३० सेंटिमीटर खोलीपर्यंत कुदळीनं मिसळायचं, पाणी द्यायचं आणि दोन-तीन आठवडे बसू द्यायचं. दहा चौरस मीटरला ०.६ ते ०.७ घनमीटर कंपोस्ट धरून चाला. वेळ असेल तर आधी एक हंगाम ताग किंवा धैंचा (हिरवळीचं खत) घेऊन फुलोऱ्याच्या सुमारास गाडावा. वाळूत वाफशासाठी ताटकळावं लागत नाही, ही तिची मोठी मेहेरबानी: पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी कुदळ चालवता येते.

गुलाबाला वाळू वावडी आहे, हा समजही सोडून द्यायला हरकत नाही. रोझा रुगोझा ही जात जपान, कोरिया आणि रशियाच्या पूर्व टोकाकडे समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर आपसूक वाढते, आणि उत्तर युरोपच्या किनाऱ्यांवर तर आता आवरत नाही इतकी फोफावली आहे. युरोपातला रोझा स्पिनोसिसिमाही असाच वाळूतला. अडतं ते भरगच्च फुलांच्या संकरित जातींपाशी. पुन्हा पुन्हा फुलायचं तर सतत अन्न हवं. त्यांना जगवतो तो खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ते झाड, म्हणून रोप घेताना फुलाच्या रंगाइतकीच खुंटाची चौकशी करावी. रेताड मातीत मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचं फावतं. फ्लोरिडाच्या वाळूत गुलाब लावणारे फॉर्च्युनियाना खुंटावरची कलमं पसंत करतात ती त्यामुळेच. त्याची मुळं दूरवर पसरतात आणि सूत्रकृमींना बऱ्यापैकी दाद देत नाहीत.

उघड्या मुळांचं रोप मिळालं तर काही तास पाण्यात भिजत ठेवा, खड्ड्यात मातीचा उंचवटा करून त्याच्यावर मुळं छत्रीसारखी पसरा. पिशवीतलं रोप असेल तर मुळांभोवतीचा गोळा हातात घेऊन पाहा. गोळा चिकट मातीचा असेल तर तो तसाच वाळूत बसवू नका. पाणी बाजूच्या वाळूतून सरळ खाली जाईल आणि गोळा आतून कोरडा राहील. त्याच्या बाहेरची बोटभर माती खुरडून मुळं मोकळी करा, आणि पहिले काही आठवडे पाणी थेट बुंध्याशी द्या. डोळ्याची गाठ उबदार हवामानात जमिनीच्या दोन-तीन बोटं वर असावी. जिथे जमीन गोठते तिथे पाचेक सेंटिमीटर खाली. सुधारलेली माती बसतेच, तेव्हा थोडं उंचच लावा.

पाण्याचा हिशेब वर आलाच आहे. चौरस मीटरला वीस लिटर मावतं, तिथे चाळीस ओतली तर निम्मी खाली जातात, आणि रिकाम्या हातानं जात नाहीत; नायट्रेट घेऊन जातात. लहान रोपाला दर दोन दिवसांनी दहा-बारा लिटर, आणि खत एकदम मुठीनं घालण्याऐवजी चिमटीनं, दर दोन-तीन आठवड्यांनी. वर पालापाचोळ्याचं पाचेक सेंटिमीटर आच्छादन. गंमत अशी, की कोरडी वाळू स्वतःच चांगलं आच्छादन असते: वरचा थर वाळला की खालून पाणी वर ओढणारी केशाकर्षणाची साखळी तुटते आणि खालची ओल टिकते. पालापाचोळ्यानं वाळू तापत नाही आणि पूर्ण कोरडी पडत नाही, हा खरा फायदा. ती कोरडी पडू दिली नाही, तर सुरुवातीला सांगितलेला मेणाचा खेळही रंगत नाही.

दुसऱ्या वर्षी छाटणीच्या वेळी वाफ्याच्या कडेच्या विटा मोजून पाहिल्या. माती दोन बोटं खाली गेली होती. वाळूत हवा खेळती, त्यात ऊन. जिवाणूंनी कंपोस्टचा मोठा हिस्सा खाऊन कार्बन डाय-ऑक्साइड करून उडवला होता. पुन्हा तीन सेंटिमीटर थर वरून पसरला. या खेपेला खणलं नाही, मुळं दुखावतात. आत ओढून न्यायला आता गांडुळं आली होती.