नावाआधी ‘पद्मश्री’ लावता येत नाही

लग्नपत्रिकेवर, सत्काराच्या फ्लेक्सवर ‘पद्मश्री अमुक’ असं सर्रास छापलं जातं. पुरस्कार मिळाला की तो नावाला कायमचा जोडता येतो, हा समज चुकीचा आहे. इंग्रज सरकार ‘रावबहादूर’, ‘रावसाहेब’ असे किताब देई. ते नावाला चिकटत आणि माणसाची पायरी ठरवत. संविधानाच्या कलम १८ ने असे किताब बंद केले, सैनिकी आणि शैक्षणिक तेवढे वगळले. १९५४ पासूनचे पद्म पुरस्कार हा कामाचा गौरव आहे, आणि मला हा फरक फार मोलाचा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये बजावलं की भारतरत्न असो वा पद्म, नावाच्या पुढेमागे लावायचं नाही. लावल्यास सन्मान काढूनही घेता येतो. ‘यांना पद्मश्री मिळाली आहे’ असं मात्र खुशाल सांगावं.