क्लायंटवरून सर्व्हर का सापडत नाही, यामागची जुनी गोष्ट

सियागंजात दुकान, देवास नाक्याला गोडाऊन, बिलिंगचा डेटाबेस दुकानातल्या कॉम्प्युटरवर (हा सर्व्हर) मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये आणि स्टॉक मात्र दोन्हीकडून बघायचा, असे सेटअप आपल्या इंदूरात भरपूर. सर्व्हरवर सगळं मस्त चालतं आणि क्लायंटवर, म्हणजे त्याला जोडायच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर, येतो एरर २६ नाहीतर एरर ४०, म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही. मग फोनवर पहिला सल्ला हाच मिळतो की फायरवॉल (बाहेरून येणारी कनेक्शनं अडवणारी सोय) बंद करून बघा. मला हा सल्ला अजिबात पटत नाही, कारण सर्व्हरपर्यंत यायची ही दारं कधी आणि कशामुळे बंद झाली ते माहीत असलं की नेमकं कुठलं एक उघडायचं ते लगेच कळतं.

मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर १९८९ चा, सायबेसबरोबर केलेला, ओएस/२ वर चालणारा. तेव्हा सर्व्हर आणि क्लायंट एकाच ऑफिसात असायचे, त्यामुळे बाहेरचं कोणी येईल असा विचार फारसा नव्हताच. 'एसए' या मुख्य अ‍ॅडमिन लॉगिनचा पासवर्ड रिकामा ठेवून कित्येक सर्व्हर वर्षानुवर्षं चालले, आणि मे २००२ मध्ये त्याच रिकाम्या पासवर्डवर स्पायडा नावाचा वर्म (आपणहून पसरणारा घातक प्रोग्राम) पसरला.

खरी भानगड २००० च्या आवृत्तीपासून. एकाच मशीनवर अनेक इन्स्टन्स (एसक्यूएल सर्व्हरच्या वेगवेगळ्या प्रती) टाकता यायला लागले, पण पोर्ट, म्हणजे मशीनवरच्या दाराचा नंबर, १४३३ तर एकालाच मिळणार, बाकीच्यांना मिळेल तो नंबर. मग क्लायंटला कळणार कसं? त्यासाठी यूडीपी (आधी कनेक्शन न जोडता नुसतं पॅकेट पाठवायची पद्धत) १४३४ वर चौकशी करायची सोय ठेवली, क्लायंट इन्स्टन्सचं नाव विचारतो आणि पलीकडून पोर्ट सांगितला जातो. याच चौकशीच्या खिडकीत एक बफर ओव्हरफ्लो (जागेपेक्षा मोठा डेटा आला की तो भलतीकडे सांडायची चूक) होता. त्याच्या दुरुस्तीचा पॅच जुलै २००२ मध्ये आला पण खूप जणांनी टाकला नाही, आणि पुष्कळांना तर आपल्याकडे एसक्यूएल सर्व्हर आहे हेच ठाऊक नव्हतं, कारण एमएसडीई नावाची फुकट छोटी आवृत्ती दुसऱ्याच सॉफ्टवेअरबरोबर गुपचूप बसलेली असायची.

२५ जानेवारी २००३, शनिवार, आपल्याकडे सकाळचे ११ वाजलेले, तेव्हा याच चुकीचा फायदा घेणारा स्लॅमर नावाचा वर्म सुटला. सगळा वर्म ३७६ बाइट्सचा, एका पॅकेटात मावणारा, लॉगिन नाही पासवर्ड नाही, नुसतं पॅकेट पोचलं की काम झालं! सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी लागण दुप्पट होत होती आणि दहा मिनिटांत बहुतेक कच्ची मशीनं त्याच्या ताब्यात, एकूण निदान ७५ हजार. दक्षिण कोरियाचं इंटरनेट कोलमडलं, अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकेच्या एटीएमवर लोकांना पैसे मिळेनात.

त्यानंतर एकेक दार बंद होत गेलं. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला आणि विंडोजची फायरवॉल आपोआप चालू राहायला लागली. २००५ च्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये एक्सप्रेस या फुकट छोट्या आवृत्तीला बाहेरून कनेक्शनच बंद, टीसीपी/आयपी (नेटवर्कवरून जोडायची सोय) आपण हाताने चालू करायचं, आणि पोर्टची चौकशी 'ब्राउझर' नावाच्या वेगळ्या सर्व्हिसकडे, एक्सप्रेसमध्ये तीही सहसा बंदच. आपल्या बिलिंग सॉफ्टवेअरखाली बहुतेक वेळा हीच एक्सप्रेस असते.

आता एरर २६ बघा. क्लायंटने १४३४ वर विचारलं आणि उत्तर आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. लोक फायरवॉलमध्ये १४३३ उघडतात आणि एरर तसाच राहतो, कारण १४३४ वरची चौकशी अजून अडलेलीच असते, शिवाय 'एसक्यूएलएक्सप्रेस' इन्स्टन्स डायनॅमिक पोर्टवर, म्हणजे भलत्याच नंबरवर बसलेला असतो. माझी पद्धत सरळ आहे, सर्व्हरवर एसक्यूएल सर्व्हरचा कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडायचा, टीसीपी/आयपी चालू करायचं, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये खाली 'आयपी ऑल' असतं तिथे डायनॅमिक पोर्टचा रकाना पूर्ण रिकामा करायचा (शून्यसुद्धा ठेवायचं नाही), खालच्या रकान्यात १४३३ लिहायचं, सर्व्हिस रीस्टार्ट करायची, फायरवॉलमध्ये फक्त तेवढा पोर्ट उघडायचा आणि क्लायंटवर सर्व्हरच्या आयपीपुढे स्वल्पविराम देऊन १४३३ टाकायचं. पोर्ट थेट सांगितला की ब्राउझरला विचारायची गरजच उरत नाही. पोर्ट पोचतोय का ते टेलनेटने किंवा पॉवरशेलच्या टेस्ट-नेटकनेक्शनने कळतं, पण यूडीपी १४३४ ची तपासणी यातल्या कशानेच होत नाही हे लक्षात ठेवा.

आणि एरर १८४५६ आला तर घाबरू नका, म्हणजे नेटवर्क पार झालं, आता प्रश्न फक्त लॉगिनचा, बरेचदा सर्व्हर नुसत्या विंडोज ऑथेंटिकेशनवर (फक्त विंडोजच्या खात्यानेच आत येता येईल असा) ठेवलेला असतो. नक्की कारण सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये 'स्टेट' नंबरासकट असतं, क्लायंटला ते मुद्दाम दाखवत नाहीत, नाहीतर पासवर्ड शोधत बसलेल्याला आयता सुगावा लागेल.

सगळ्यात ताजं दार २०२२ चं, ओडीबीसी ड्रायव्हर (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारं सॉफ्टवेअर) १८ पासून एन्क्रिप्शन आपोआप चालू, म्हणून ड्रायव्हर बदलला की चालू असलेलं कनेक्शन एकदम सर्व्हरच्या सर्टिफिकेटवर (त्याची ओळख पटवणाऱ्या दाखल्यावर) भरोसा नाही म्हणून अडतं. 'ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट' ला हो म्हटलं की चालतं, पण ते दुकानातल्या दुकानात ठीक. देवास नाक्यावरून यायचं असेल तर राउटरवर १४३३ बाहेर उघडू नका, मध्ये व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खाजगी वाट) लावा आणि सर्व्हरला नीट सर्टिफिकेट द्या.