सायलेन्सर का चोरतात?

मारुती इकोचे सायलेन्सर चोरीला गेल्याच्या बातम्या गेली काही वर्षं पुण्या-मुंबईपासून अहमदाबादपर्यंत येतायत. गाडी जागेवर, टायर जागेवर, सायलेन्सर गायब. चोराला त्या पत्र्यात काही इंटरेस्ट नसतो, त्याला हवा असतो पुढचा डबा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. गॅरेजवाले त्याला कॅटकॉन म्हणतात. आत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम असतं, छोट्या गाडीत सगळं मिळून जेमतेम काही ग्रॅम, पण २०२१ मध्ये एकट्या रोडियमचाच भाव औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास गेला होता आणि सोनं तेव्हा दोन हजाराच्या आत होतं, म्हणजे बघा.

डबा कापला तर आत सिरॅमिकची वीट दिसते, आरपार बारीक भोकं असलेली, एका चौरस इंचात साधारण ४०० भोकं. भोकांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा (म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा) खडबडीत थर आणि त्या थरात विखुरलेले धातूचे कण, तेही काही नॅनोमीटरचे. काम तीन: कार्बन मोनॉक्साइडचा (सीओ म्हणू) कार्बन डायऑक्साइड करायचा, न जळलेलं पेट्रोल जाळायचं आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून साधा नायट्रोजन सोडायचा. हे शेवटचं काम मुख्यतः रोडियमचं. कॅटकॉन लावला की गाडी 'पोल्युशन फ्री' असं समजणाऱ्यांनी पहिलं काम परत वाचा, कार्बन डायऑक्साइड कमी होत नाही, उलट चिमूटभर वाढतो.

आता माझा आवडता भाग. सीओ जाळायला प्लॅटिनम लागतंच कशाला? तर ऑक्सिजनची जोडी फोडायला. ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, प्लॅटिनमवर बसले की सुटतात. पण बसायला जागा कुठंय? गर्दीची एसटी डोळ्यापुढे आणा. सीओ हा एकटा प्रवासी, दिसली रिकामी सीट की टेकला. ऑक्सिजन म्हणजे शेजारी-शेजारी दोन सीट मिळाल्या तरच बसणारं जोडपं. आणि सीओ एकदा बसला की उठत नाही, हिमोग्लोबिनला चिकटून माणसाचा जीव घेतो तोच हा, प्लॅटिनमलाही तसाच चिकटतो. त्यामुळे थंड कन्व्हर्टरमध्ये सगळ्या सीटवर सीओ आणि ऑक्सिजन दारात उभा. म्हणजे ज्याला जाळायचं त्यानेच चूल अडवून धरलेली!

तापमान अडीचशे-तीनशे डिग्रीकडे गेलं की सीओ सीट सोडायला लागतो. कुठेतरी दोन सीट शेजारी-शेजारी मोकळ्या होतात, ऑक्सिजन बसतो, फुटतो, त्याचा एकेक अणू शेजारच्या सीओला धरतो, कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो लगेच उतरतो कारण प्लॅटिनमशी त्याचं फारसं जमत नाही. म्हणजे अजून सीट मोकळ्या, शिवाय जळण्याची उष्णता मिळते ती वेगळी, म्हणून अजून सीओ उठतात, म्हणून अजून ऑक्सिजन बसतो... त्यामुळे कन्व्हर्टर हळूहळू सुरू होत नाही, एकदम पेटतो. यात एक गंमत म्हणजे उलटं होत नाही, ऑक्सिजनच्या अणूंनी जागा धरल्या तरी सीओ मधे घुसू शकतो. ही असमान भांडणं पृष्ठभागावर लाटांसारखी फिरताना गेरहार्ड एर्टल यांनी पाहिली, २००७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना घन पृष्ठभागांवरच्या अशा अभिक्रियांच्या अभ्यासासाठीच मिळालं.

पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं मिसळायचे, त्याचंही हेच, फक्त ते प्लॅटिनमवर बसलं की कधीच उठत नाही. म्हणून १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तेव्हा सोबत बिनशिशाचं पेट्रोलही आणावं लागलं, आणि २००० पासून देशभर शिसंवालं पेट्रोल बंदच झालं.

कन्व्हर्टर तापल्यावरच पेटतो, यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला गाडी काढली तर कन्व्हर्टर तापायच्या आत तुम्ही परत घरी, म्हणजे सगळा धूर कच्चाच बाहेर. म्हणून हल्ली तो इंजिनला अगदी चिकटून बसवतात, लवकर तापावा म्हणून. आणि पेट्रोलच्या पाइपला चुंबक लावून धूर कमी, मायलेज जास्त असं विकणारे जे आहेत त्यांच्याकडे गंडेदोरेही मिळतात का विचारा, पेट्रोलच्या जळण्यावर त्या चुंबकाने काडीचा फरक पडत नाही.

राहिलं सिरियम ऑक्साइड, त्याच थरात मिसळलेला आणखी एक पदार्थ. सीओ जाळायला ऑक्सिजन हवा, नायट्रोजन ऑक्साइड फोडायला ऑक्सिजन नको, दोन्ही एकाच डब्यात जमवायचं तर हवा-पेट्रोलचं वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ ठेवावं लागतं. गाडीतला कंप्युटर ते सतत थोडं रिच (पेट्रोल जास्त), थोडं लीन (हवा जास्त) असं हलवत राहतो. लीनमध्ये जास्तीचा ऑक्सिजन सिरियम ऑक्साइड साठवतं, रिचमध्ये परत देतं. म्हणून बीएस-६ गाडीत कन्व्हर्टरच्या पुढचा ऑक्सिजन मोजणारा सेन्सर वर-खाली नाचतो आणि मागचा जवळपास सरळ रेष दाखवतो. साठवण संपली, किंवा 'मायलेज वाढेल' म्हणून कुणी आतली वीट फोडून काढली, की मागचाही पुढच्यासारखाच नाचायला लागतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. मग गॅरेजवाला सांगतो, सेन्सर गेलाय, बदला. सेन्सर बरेचदा ठणठणीत असतो.